आईचं माहेर विरोधी गटात

धाराशिवच्या आमच्या पेपरच्या जिल्हा कार्यालयात एक अलिखित नियम होता. चेअरमनचा फोटो दोन कॉलमांत गेला, तर त्याच आठवड्यात वकिलांचाही दोन कॉलमांत गेला पाहिजे. एकाची बातमी पहिल्या पानावर आणि दुसऱ्याची आत गेली, की सकाळी कार्यालय उघडायच्या आधी फोन वाजायला लागे. मी बातमीदार म्हणून रुजू झालो, त्या दिवशी मुख्य उपसंपादकांनी मला आधी हा नियम सांगितला आणि बातमी कशी लिहायची ते नंतर. मला तो नवा नव्हता. आमच्या घरात तो याहून कडक पाळला जात होता.

चेअरमन म्हणजे तालुक्यातल्या दूध संघाचे अध्यक्ष. ते पद पुढं गेलं, आमदारकी आली, तीही गेली, पण लोकांच्या तोंडी ते चेअरमनच राहिले. उंच, धिप्पाड, कमी बोलणारे. भाषणात अडखळायचे, आणि लोकांना ते अडखळणंच आवडायचं. वकील त्यांच्या उलट. काही वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केलेली, आवाज असा की माईक बंद पडला तरी सभा चालू राहायची. चेअरमनच्या पहिल्या निवडणुकीत गावोगाव भाषणं वकिलांनीच केली होती. जुनी माणसं सांगत, तेव्हा दोघं एकाच ताटात जेवत.

बिनसलं ते जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून. निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. सगळ्यात जास्त सदस्य चेअरमनचे होते, त्यामुळे अध्यक्षपद आपलंच असं त्यांनी धरून ठेवलं होतं. ऐन मतदानाला वकिलांनी आपले सदस्य तिसऱ्याच माणसाच्या पारड्यात टाकले. तो अध्यक्ष झाला आणि त्याच सभेत वकील उपाध्यक्ष. सौदा झाला, असं चेअरमन म्हणाले. वकील म्हणाले, सौदा नव्हता, चेअरमनच्या हाती जिल्हा द्यायचा नव्हता एवढंच. खरं काय ते मला अजून कळलेलं नाही, आणि ज्यांना कळलं असेल त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर चेअरमनचं एकही भाषण ‘सौदा’ या शब्दाशिवाय झालं नाही. वकील दोनदा आमदारकीला उभे राहिले, दोनदा पडले. दोन्ही वेळा भिंतींवर तोच एक शब्द रंगवलेला होता.

त्यातून गावं फुटली. ढोकीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात दूध घालायला दोन डेअऱ्या झाल्या, दोन गणपती मंडळं झाली, पुढं पिठाच्या गिरण्याही दोन झाल्या. आपल्या गटाची गिरणी बिघडून बंद असली तर बायका दळणाचा डबा तसाच परत आणत. पलीकडच्या गिरणीचं चक्र समोर फिरत असे. माझे वडील चेअरमनच्या गटाचे. आईचं माहेर तेरच्या पुढं, नदीपलीकडं, एसटीनं तासाभराच्या आतलं. तिचा एकुलता धाकटा भाऊ, माझा मामा, वकिलांच्या गटाचा.

सुरुवातीला यात थट्टाच जास्त होती. मामा दिवाळीला आला की ओट्यावरून ओरडायचा, “दाजी, सौदेबाजाचा माणूस आलाय, आत घेताव का?” वडील आतून म्हणायचे, “चपला बाहेर काढ आणि वकील बी बाहेरच ठेव.” मग दोघं एकत्र जेवायचे.

मी हायस्कुलात असताना बाजार समितीची निवडणूक लागली. वडिलांना चेअरमनच्या पॅनलमधून उभं केलं. या पॅनलचं चिन्ह कपबशी, वकिलांच्या पॅनलचं छत्री. महिनाभर आमच्या घरी आल्यागेल्याला चहा कपबशीतूनच मिळाला, आणि पलीकडच्या गटातली माणसं कुणाच्या दारात गेली तरी चहा पेल्यात मागत. ताप असलेल्या एका म्हाताऱ्यानं कपातून औषध घ्यायला नकार दिला, हे मी स्वतः पाहिलं आहे. वडील थोडक्या मतांनी पडले.

निकालाच्या दिवशी वकिलांच्या गटाची मिरवणूक तालुक्याहून परतताना आमच्या गावात शिरली. विजयाची मिरवणूक पडलेल्या उमेदवाराच्या दारात थांबवायची, ही आमच्याकडची रीतच आहे. हलगी दारात थांबली. उघड्या छत्र्या घेऊन माणसं नाचली. गुलालाचा एक मोठा फक्का उंबऱ्यावर पडला, दुसरा आत, पाण्याच्या घागरीपर्यंत आला. वडील ओट्यावर उभे होते. आई आणि मी खिडकीत. सगळी तोंडं गुलालानं सारखीच झाली होती, बऱ्याच जणांनी नाकातोंडावर दस्ती बांधली होती. मिरवणूक गेल्यावर वडील आत आले आणि म्हणाले, “तुझा भाऊ होता.”

“न्हवता,” आई म्हणाली.

“म्या वळखलं त्येला. गुलाल त्येनंच टाकला.”

“माझा भाऊ तसा न्हाय. तो माझ्या उंबऱ्यावर गुलाल टाकायचा न्हाय.”

वडिलांनी पुढं वाद घातला नाही. माहेरी जाऊ नको असंही ते म्हणाले नाहीत. पुढच्या दिवाळीला आईनं पिशवी भरली, तेव्हा एवढंच म्हणाले, “जायचं आसंल तर जा. परत यायची घाई करू नगं.” आईनं पिशवी रिकामी केली. मामानं एकदोनदा निरोप पाठवला, की तो त्या दिवशी वळणावर थांबला होता, माणसांना आवरायला. वडिलांनी निरोप्याला चहा दिला, उत्तर दिलं नाही. मग निरोपही थांबले. घरातली छत्री वडिलांनी कुणाला तरी देऊन टाकली. त्यानंतर पावसाळ्यात आम्ही खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन शाळेत गेलो.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. आई चंद्राला ओवाळू लागली. द्वितीयेची कोर फार वेळ टिकत नाही. दिवस मावळल्यावर जरा दिसते आणि खाली जाते. त्यामुळे तिला स्वयंपाक सोडून पळत अंगणात यावं लागे. एका वर्षी शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, “आगं, भाऊ जिता असताना चांदोबाला ओवाळत न्हाईत. वंगाळ असतंय.”

“त्येच्याच नावानं ओवाळते,” आई म्हणाली. “त्येच्या दारातनं बी ह्योच दिसतोय की.”

दर वर्षी ओवाळून झालं की ती आत येऊन एक वाक्य बोलायची. कधी वडिलांना, कधी मला, कधी चुलीला. “तो न्हवताच त्यात.” या वाक्यावर ती वीसेक वर्षं उभी होती. भाऊ भेटत नव्हता, पण भाऊ चांगला होता, आणि नवऱ्याची नजर चुकली होती.

मी नोकरीला लागलो आणि दोघा पुढाऱ्यांच्या मागं फिरू लागलो. सभेत वकील चेअरमनच्या अडखळण्याची नक्कल करत, चेअरमन आपल्या सभेत सौद्याची गोष्ट सांगत. मी दोन्ही लिहून घेई, दोन्हीची लांबी सारखी ठेवी. दोघंही मला वडिलांच्या नावानं ओळखत नव्हते. मी पेपरचा माणूस होतो, तेवढं पुरे होतं.

मग वरच्या पातळीवर पक्षांची युती झाली. धाराशिवच्या विश्रामगृहात पत्रकार परिषद ठेवली होती. चेअरमन आणि वकील एका सोफ्यावर बसले. दोघंही आता म्हातारे झाले होते. चेअरमनना सोफ्यातून उठायला हात लागत होता, तो वकिलांनी दिला. दोघांनी एकमेकांना पेढा भरवला. छायाचित्रकारांसाठी पुन्हा भरवला. मी विचारलं, “इतकी वर्षं गावागावांत तुमच्या नावानं जी भांडणं झाली, त्यांचं काय?”

“कार्यकर्ते समजूतदार आहेत,” वकील म्हणाले.

“भांडणं? कसली भांडणं?” चेअरमन म्हणाले. त्यांना खरंच आठवत नसावं असं वाटलं.

त्या आठवड्यात घरी गेलो तेव्हा आईला हे सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले. “म्हंजे आता गट न्हाईत?”

“सध्या नाहीत.”

तिनं वडिलांकडं पाहिलं. “मग म्या जाऊन येऊ का भावाकडं?”

 वडील म्हणाले, “साहेबांचा निरोप येऊ दे.” निरोप आला नाही, तेव्हा ते स्वतःच चेअरमनच्या बंगल्यावर विचारायला गेले. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी मेव्हणा तोडला, त्यांना विचारल्याशिवाय जोडायचा कसा, असा त्यांचा हिशेब असणार. मी त्यांना मोटारसायकलवरून नेलं. बंगल्यात गर्दी होती. वडिलांनी पागोटं सावरत सगळं सांगितलं: बाजार समिती, मिरवणूक, मेव्हणा, बायको. चेअरमन ऐकत होते. शेजारी उभ्या पीएनं मध्येच विचारलं, “काका, तुम्ही नेमके कोणत्या गटाचे?”

“आमी चेअरमनसाहेबांचे,” वडील म्हणाले. “पहिल्यापासनं.”

चेअरमन मात्र खूश झाले होते. “भाऊ-बहीण! वकिलाचा माणूस भाऊ आणि आपल्या माणसाची बायको बहीण. आरं, हे तर झकास झालं.” पीएकडं वळून ते म्हणाले, “मनोमिलन मेळावा भाऊबिजेला घ्या. ह्या ताईंना स्टेजवर भावाला ओवाळू द्या. आमी दोघं शेजारी उभं राहतो.”

येताना वडील पाठीमागं बसून गाणं गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

आईला मेळावा नको होता. “म्या आदी घरी जाऊन येते. आमचं आमी भेटतो. मग न्या कुठं न्यायचं ते.”

“दोन-चार दिसाचा तर प्रश्न हाय,” वडील म्हणाले. “आदी भेटलीस तर मेळाव्यात काय ऱ्हायलं? साहेबांनी ठरवलंय.”

“भाऊ माझा. ठरवायलाय कोण?”

“तूच मागत व्हतीस नव्हं भेट? मिळायलीय तर आता तोंड वाकडं.”

 तिला भाऊ पाहिजे होता, आणि तो मिळायची हीच एक वाट तिच्यापुढं ठेवली होती. मेळाव्याच्या दिवशी ती ठेवणीतलं इरकल नेसली. ओवाळायचं ताट घरून घेतलं, त्यावर दस्ती झाकली. मेळाव्यात ताटं मिळणार आहेत असं वडील म्हणाले, तरी घेतलं.

मांडव मोठा होता. दोघा नेत्यांचे हसरे चेहरे एकाच फलकावर होते. नेते यायला उशीर झाला. वकिलांच्या माणसांनी मामाला आणून आधी स्टेजवर बसवलं होतं, पण पदाधिकारी वाढत गेले आणि स्वयंसेवकांनी त्याला उठवून खाली दुसऱ्या रांगेत नेलं. आई बायकांच्या बाजूला होती, तिला हे दिसलं नाही. नेते आले. सूत्रसंचालक शाळामास्तर होते. त्यांच्या हातातला कागद बहुधा बदलला होता. त्यांनी पुकारलं, “आता आमच्या भगिनी आपल्या दोन्ही लाडक्या नेत्यांचं औक्षण करतील.”

कार्यकर्त्या बायकांबरोबर आईलाही वर ढकललं गेलं. मी पत्रकारांच्या रांगेतून पाहत होतो. ती ताट धरून स्टेजवर उभी होती आणि एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत होती. भाऊ तिथं नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, “मावशी, आवरा.” तिनं चेअरमनना ओवाळलं, मग वकिलांना. दोघांनी ताटात नोट टाकली. ती खाली उतरली.

भाषणात वकील म्हणाले, “चेअरमनसाहेब मला जन्मभर सौदेबाज म्हणत आले. आज मी कबूल करतो. सौदा केला, पण त्यांच्याशीच!” मांडव हशानं फुटला. चेअरमन पोट धरून हसले. पुढच्या रांगेत माझे वडीलही हसले. त्या शब्दासाठी त्यांनी काय काय सोडलं होतं ते मला माहीत होतं, आणि त्यांनाही असणार.

पुढचा कार्यक्रम होता म्हणून नेते निघाले. भाऊ-बहिणीचं राहिलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. खुर्च्या गोळा होऊ लागल्या. मामा पाण्याच्या टँकरपाशी उभा होता. आईनं त्याला पाठमोरा ओळखला. मी तिच्याबरोबर गेलो.

“लई वाळलीस गं अक्का,” तो म्हणाला.

“तू काय, पैलवान व्हायलास?” आई म्हणाली. दोघं हसले. हसताना दोघांचीही हनुवटी सारखीच हलली.

“बस, ओवाळते.” तिनं एक खुर्ची ओढली. निरांजन विझलं होतं. मी काडेपेटी मागून आणली. वात पेटवता पेटवता, जणू ती केवळ एक उपचार उरकतेय अशा आवाजात, ती म्हणाली, “ह्यांना आज सांग एकदा. तू त्या मिरवणुकीत न्हवतास म्हणून. माझं सांगून सांगून तोंड दुखलं.”

 मामानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली. “व्हतो, अक्का.”

वात पेटली होती. आईनं काडी टाकली नाही.

“वकीलसाहेब जीपमधी व्हते,” तो म्हणाला. “समदे माझ्याकडंच बघत व्हते. दाजीचा मेव्हणा, ह्यो काय करतंय बघू, म्हणून. म्या तोंडाला दस्ती बांधली. वाटलं, तुला तरी दिसू ने.”

“गुलाल?”

“म्याच टाकला. न्हायतर गटात कोण ठिवलं असतं मला?”

आईनं काडी टाकली. त्याला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं. तो खिसे चाचपू लागला तेव्हा म्हणाली, “ऱ्हाऊ दे.” ताटातल्या दोन्ही नोटा तिनं टँकरपाशी पाणी देणाऱ्या बाईच्या लेकराला दिल्या. घरी जाताना वडिलांनी विचारलं, “झाली का भेट?” ती म्हणाली, “झाली.” मामानं काय सांगितलं ते तिनं त्यांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांची नजर चुकली नव्हती, हे त्यांना आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. त्याखालची ओळ होती: ‘मनोमिलन मेळाव्यात दोन्ही नेत्यांचं औक्षण करताना महिला कार्यकर्त्या.’ मधली कार्यकर्ती माझी आई होती. दोघा नेत्यांचे चेहरे मोजून सारख्या आकाराचे छापले होते.

त्यानंतर वाट मोकळी होती, पण आई माहेरी गेली नाही. वडिलांना ते कळेना. “आता का जाईनास? आता कोण आडवायलंय?” ती म्हणायची, “कामं पडल्यात.” भाऊबिजेचं ते वाक्यही तिनं बोलायचं सोडलं.

युती टिकली नाही. पुढच्या निवडणुकीत उमेदवारी कुणाच्या मुलाला, यावरून ती मोडली. चेअरमनचा मुलगा एका पक्षातून, वकिलांचा दुसऱ्यातून. म्हातारे दोघं पुन्हा आपापल्या स्टेजवर दिसू लागले, आणि भिंतींवर जुना शब्द नव्या रंगात आला. मी ती बातमी दिली आणि दोन दिवस घरी आलो. सकाळी वडील पेपर ठेवून आईला म्हणाले, “आता तिकडं न गेलेलंच बरं. दिवस वंगाळ हायत.”

आईनं भाकरी करून झाकून ठेवल्या. मग तिनं पिशवी घेतली, चप्पल घातली आणि फाट्यावर जाऊन एसटीची वाट पाहत उभी राहिली. मी मागं धावत गेलो, सोडायला येतो म्हणालो. “नगं,” ती म्हणाली. “आज कुणी जा म्हणलं न्हाय, म्हणून चाललेय.”

ती संध्याकाळी परत आली. ओट्यावर बसून पाणी प्याली. वडील शेतातून आले होते, तेही बसले. जेवलीस का, मी विचारलं.

“न्हाय. पुढच्या खोलीत गटाची बैठक चालू व्हती. भावजयीनं मला मागच्या दारानं आत घेतलं. चुलीपाशी बसले.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मग तो आत आला. म्हणला, अक्का, आजच कशाला आलीस? माणसं बसल्यात. दाजीनं बातमी काढायला धाडलं म्हणतील. ती उठूस्तोवर भाईर येऊ नगं म्हणला.”

“मग?”

“उठंनातच. येळ झाला. आल्या दारानंच निघाले.”

वडील ऐकत होते. पागोटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, “बैठकीला कोण कोण व्हतं?”

आईनं तांब्या उचलला आणि ती आत गेली.  वडील माझ्याकडं वळून म्हणाले, “तू इचार की. तुला सांगंल ती.”